घर तुमचे, गळती कुणाची? घरमालकांना खुले पत्र

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड आणि महाराष्ट्रातील इतर शहरांतले सर्व घरमालक यांसी,



संसार मांडल्यापासून मी पुण्यात भाड्याच्या घरात राहते आहे. आधी सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, मग कोथरूड, मग सिंहगड रस्ता, आता वारजे. या सगळ्या काळात भाडे कधी थकवले नाही. भाडे किती असावे, करार नवा करताना किती वाढावे, हा या पत्राचा विषय नाही. घर तुमचे आहे, त्यासाठी तुम्ही कर्ज काढले, पोटाला चिमटा घेऊन हप्ते फेडले, याची मला जाणीव आहे. माझे गाऱ्हाणे एकाच गोष्टीचे आहे. घरात काही बिघडले की ते कुणी, किती दिवसांत आणि कुणाच्या पैशाने दुरुस्त करायचे, हे आपल्यात ठरलेलेच नसते. आणि ठरलेले नसले की सगळा भार आत राहणाऱ्यावर येतो.

सगळ्यात आधी ओलीबद्दल लिहिते. जूनमध्ये पाऊस चांगला लागला की कपाटामागच्या भिंतीवर पहिला पिवळट डाग दिसतो. थोड्याच दिवसांत तिथे रंगाला फुगा येतो. तो बोटाने दाबला की फुटतो आणि ओलसर पांढरी भुकटी हाताला लागते. पाण्याबरोबर प्लास्टरमधून बाहेर आलेले ते क्षार. श्रावण लागेपर्यंत पोपडे सुटून चादरीवर पडू लागतात. कपाटाची मागची फळी फुगते, आतल्या रेशमी साड्यांच्या घड्यांवर बुरशीचे ठिपके उमटतात, आणि बाहेरून आले की दार उघडताक्षणी तो कोंदट वास नाकात शिरतो. माझ्या मुलीला बालदमा आहे. तिला डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी औषध लिहिण्याआधी विचारले, घरात ओल आहे का?

घरमालकांना फोटो पाठवले. उत्तर आले, "पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरी ओल येते हो. दिवाळीत रंग काढून घेऊ." दिवाळीत खरोखरच रंग निघाला, मी आभारही मानले. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी तोच डाग उगवला. पाणी येते कुठून, हे कुणी पाहिलेच नव्हते.

ते पाहणे फार अवघड नसते. उन्हाळ्यातही भिंत ओली राहत असेल तर पाणी बहुधा नळजोडणीतून किंवा संडास-बाथरूममधून येते आहे. फक्त पावसात ओल येत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीभोवतीचा सांधा किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासायचे. बाथरूमचा संशय असेल तर जाणता प्लंबर नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी साठवतो, त्यात रंग घालतो आणि दुसऱ्या दिवशी खालच्या छताला किंवा पलीकडच्या भिंतीला तो रंग उतरला का ते बघतो. कधी फरशीच्या सांध्यांतले व्हाइट सिमेंट गेलेले असते, कधी नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपते, कधी भिंतीतल्या कन्सील्ड पाइपला भोक पडलेले असते. सांधे पुन्हा भरायचे असतील तर एखाद्या दिवसाचे काम. ट्रॅप बदलायचा तर फरशी उखडावी लागते, ते खर्चिक आहे हे मान्य. पण मूळ कळल्याशिवाय वर्षामागून वर्षे रंगावर घातलेला पैसा तुमचाच वाया जातो, आणि स्लॅबमध्ये पाणी मुरत राहिले की आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. त्या घरात मी राहीन तोवर राहीन. स्लॅब तुमचा आहे.

पाणी वरच्या घरातून येत असेल तर मात्र टोलवाटोलवी सुरू होते. आम्ही वरच्यांना सांगतो, ते म्हणतात सोसायटीशी बोला. सोसायटीच्या ऑफिसात गेले की सेक्रेटरी विचारतात, "तुम्ही मेंबर आहात का?" नाही म्हटले की, "मग मेंबरना पत्र द्यायला सांगा." मेंबर म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही म्हणता, "तुम्हीच बोलून घ्या ना त्यांच्याशी, तुम्ही तिथेच राहता." गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची विभागणी दिलेली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरचे सामायिक पाइप यांच्यामुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती संबंधित सदनिकाधारकांनी. पण उपविधी दाखवून काम करून घेण्याचा हक्क सभासदाला असतो. आमच्या तोंडून तोच नियम आगाऊपणा ठरतो.

घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी तुमच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि त्याची आठवण तुमच्यापैकी पुष्कळांनी आपापल्या कमिट्यांना खणखणीत शब्दांत करून दिली आहे. म्हणजे सोसायटीला पत्र लिहायला तुम्हाला वेळ असतो. गळतीसाठीही एक पत्र लिहा, एवढेच मागते.

विजेचा प्रश्न ओलीपेक्षाही तातडीचा. एका घरात गीझर सुरू असताना नळाला हात लावला की हाताला मुंग्या येत. मालकांचा निरोप आला, "रबरी चप्पल घालून आंघोळ करा, काही होत नाही." मी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने गीझरचा सॉकेट उघडून दाखवला: अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच नव्हती, गुंडाळून मागे खुपसून ठेवली होती. मेन बोर्डात एमसीबी होते, आरसीसीबी नव्हता. जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले की एमसीबी पडतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला तो कळतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा लागतो. ही दुरुस्ती "नंतर बघू" या सदरात टाकण्याची नाही. तीच गोष्ट गॅस गीझरची. बंद बाथरूममध्ये तो लावला आणि हवा जायला जागा नसली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि आतला माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो. तुमच्या घरात गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत घ्या, आणि नवा भाडेकरू येण्याआधी घ्या.

आता पैशाबद्दल, कारण "परवडत नाही" हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. घरभाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर मोजताना महापालिकेला भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. समजा भाडे महिना २०,००० रुपये आहे आणि वर्षाचा मिळकतकर १०,००० रुपये. २,३०,००० रुपयांवर ३० टक्के म्हणजे ६९,००० रुपये करपात्र रकमेतून बाजूला निघाले. त्यासाठी एकही बिल दाखवावे लागत नाही. पूर्वी दुरुस्तीसाठी म्हणून वेगळी वजावट होती, तीच पुढे या ३० टक्क्यांत सामावली. महापालिकाही करयोग्य मूल्य ठरवताना वार्षिक भाड्यातून १० टक्के रक्कम दुरुस्ती वगैरेपोटी आधीच वजा धरते. म्हणजे घरभाड्यातला काही भाग दुरुस्तीसाठी आहे, हे दोन्ही कर गृहीत धरून चालतात. तो भाग घराकडे वळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ६९,००० राहू द्या, त्यातले वर्षाला १५,००० जरी घरावर खर्च झाले तरी या पत्रातल्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

तुमचीही एक बाजू आहे आणि ती मी वाड्यात राहताना जवळून पाहिली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून ठेवले होते. आमच्या वाड्यातले जुने भाडेकरू महिन्याला जेवढे भाडे देत, तेवढ्यात कौलेसुद्धा चाळून होत नसत. मालकांनी हात आखडता घेतला, तुळया वाळवीने पोखरल्या, जिने खचले. मुंबईत तर मोडकळीला आलेल्या चाळींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. गोठवलेले भाडे अन्यायकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटले. त्या पिढीतल्या मालकांचा राग खरा होता. पण आज वारज्यात, वाकडला, खराडीत तुम्ही बाजारभावाने भाडे घेता आणि प्रत्येक नव्या कराराला ते वाढवता. वाड्यातल्या आजोबांची अडचण सांगून आजच्या फ्लॅटमधली गळती तशीच ठेवता येणार नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम १४ पुष्कळांना माहीत नसते. घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, असे ते सांगते. भाडेकरूने नोटीस दिल्यावर किमान १५ दिवसांच्या वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो; वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कलम चांगले आहे. पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो. आम्ही परवान्यावर राहणारे लायसेन्सी. त्यामुळे या कलमाचा आधार आम्हाला सहजी घेता येत नाही. करारात जे लिहिले असेल तेवढेच आमचे. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल, हे कायद्याने पक्के आहे. नळ गळला तर काय, हे मात्र कुठेच नाही.

करारात काय असते? एजंट एक मसुदा आणतो. आधार कार्ड, फोटो, अंगठा, आणि तेवढ्यात नोंदणी होऊन जाते. दुरुस्तीबद्दल त्यात एकच वाक्य सापडते: किरकोळ दुरुस्ती लायसेन्सीने स्वखर्चाने करावी. किरकोळ कशाला म्हणायचे ते लिहिलेले नसते, आणि मोठ्या दुरुस्तीबद्दल अक्षर नसते. मग फ्लश टँकचा बॉल कॉकही किरकोळ आणि भिंतीतला फुटका पाइपही किरकोळ.

यासाठी नवे काही शोधायला नको. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. तो लागू करायचा की नाही हे राज्यांवर सोडले आहे, पण त्याच्या परिशिष्टात कामांची साधी वाटणी आहे आणि ती उचलून आपल्या करारात लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. इमारतीच्या बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, दारे-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणे, घराचे वायरिंग ही कामे मालकाची. नळ आणि त्यांचे वॉशर, ड्रेनेजची सफाई, स्विच-सॉकेट, बेसिन, कमोड, गीझर, कुलपे, कड्या, खिडकीच्या काचा आणि जाळ्या ही भाडेकरूची. मला ही वाटणी मान्य आहे. गीझरची कॉइल जळली तर मी बदलून घेईन. त्याच्या मागची अर्थिंगची तार तुम्ही जोडून द्या.

या वाटणीत भिंतींचा रंग मालकाकडे आहे, म्हणून अनामत रकमेबद्दल इथेच सांगते. घर सोडताना "पेंटिंगचे" म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची पद्धत पुण्यात सर्रास झाली आहे. मुलांनी भिंतीवर रेघोट्या मारल्या, खिळे ठोकून प्लास्टर उडवले, तर जरूर कापा. पण चार-पाच वर्षे माणसे राहिली की रंग उतरतो, स्विचच्या भोवती हातांचे डाग पडतात. ती वापराने होणारी झीज आहे आणि भाडे तिच्यासाठीच दिलेले असते. ज्या भिंतीचे पोपडे तुमच्या गळतीने पडले, तिच्या रंगाचे पैसे आमच्या अनामत रकमेतून कापले जातात तेव्हा फार लागते. पै-पै करून साठवलेले पैसे असतात ते, आणि पुढच्या घराची अनामत त्यांतूनच भरायची असते.

तुमच्यापैकी जे परदेशात आहेत त्यांना दोन शब्द. बाणेरचा किंवा हिंजवडीचा फ्लॅट भाड्याने देऊन तुम्ही न्यू जर्सीला किंवा टेक्सासला राहता. घर घेण्याआधी तुम्हीही तिथे भाड्याने राहिला असाल. हीटर बंद पडला, पाइप गळला की तुम्ही मेंटेनन्सला कळवत होता आणि माणूस येत होता, कारण घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे हे तिथल्या बहुतेक राज्यांत कायद्याने मानलेले आहे. इथे आम्हाला तुमच्या मेहुण्यांचा नंबर दिलेला असतो. मेहुणे म्हणतात, "विचारून सांगतो." तुमची रात्र, आमचा दिवस, आणि बाथरूमखाली बादली. इथल्या माणसाला ठरावीक रकमेपर्यंत खर्च करण्याचा अधिकार देऊन ठेवा. तुम्हाला विचारायची गरजच पडणार नाही.

आम्ही वेळेवर का सांगत नाही, असे तुम्ही म्हणाल. कारण करार अकरा महिन्यांचा असतो. सतत तक्रार करणारा भाडेकरू "कटकट्या" ठरतो आणि अकराव्या महिन्यात त्याला "मुलगा परत येतोय, घर लागेल" असे ऐकावे लागते. मुलांची शाळा जवळ असते, बिऱ्हाड हलवायचे तर टेम्पो, हमाल, नवी अनामत आणि एजंटचे एक महिन्याचे भाडे. म्हणून बायका भिंतीला प्लास्टिकचा कागद लावतात, पुरुष पदरचे पैसे घालून प्लंबर आणतात, आणि तुम्हाला वाटते की घर ठीक आहे. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा गळका पाइप दोन वर्षे पत्र्याच्या डब्यावर काढला, विचारायला नको म्हणून. ओट्याखालचे फर्निचर कुजले ते मालकाचेच.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढचा करार करताना दुरुस्तीच्या वाटणीचे एक पान त्याला जोडा. त्यात मुदत लिहा: वीज आणि पाण्याच्या बाबतीत दोन दिवस, गळतीची पाहणी आठवड्यात, मोठे काम महिन्यात. किती रुपयांपर्यंतचे काम भाडेकरूने न विचारता करून पावती पाठवायची आणि पुढच्या भाड्यातून वळते करायचे, तो आकडा लिहा. दोन हजार, तीन हजार, तुम्हाला जमेल तो. किल्ली देताना दोघांनी मिळून सगळ्या खोल्यांचे, नळांचे, भिंतींचे फोटो काढा आणि दोघांकडे ठेवा, म्हणजे जाताना वाद राहणार नाही. दुरुस्तीला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. घरात बायकामुले, म्हातारी माणसे असतात, आणि नोकरी करणाऱ्यांना रजा काढावी लागते.

आणखी एक मागणी आहे, तिला पैसा लागत नाही. माझ्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. कमोडशेजारी धरायला स्टीलची दांडी बसवायची होती. टाइलला भोके पडतील म्हणून नकार मिळाला. आई आता बेसिनच्या काठाला धरून उठते, आणि बेसिन भिंतीतून थोडे सुटू लागले आहे. दांडी आम्ही आमच्या खर्चाने लावू, जाताना तशीच ठेवू. तुमच्याही घरात म्हातारी माणसे येतील. अशा कामांना नाही म्हणू नका.

आणि दरवर्षी मे महिन्यात एकदा घरी या. भाडे मागायला नव्हे, घर बघायला. येताना जमल्यास प्लंबर आणा. बाथरूमचे सांधे, बाल्कनीची मोरी, खिडक्यांच्या कडा, मेन बोर्ड, एवढे तासाभरात पाहून होते. गच्चीचे किंवा बाहेरच्या भिंतीचे काम निघाले तर त्याच आठवड्यात सोसायटीला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच आम्हालाही दाखवा. पावसाळा सुरू झाला की वॉटरप्रूफिंगवाले मिळत नाहीत आणि मिळाले तरी ओल्यावर काम टिकत नाही. चहा आम्ही करू.



आपली नम्र,
वारज्यातील एक भाडेकरू